उजव्या कोपऱ्यातलं बटण

प्रिय खटपट्या,

या नावाने तुला हाक मारणारं माणूस आता घरात राहिलं नाही, म्हणून मीच मारून बघतो. माझ्या तोंडात ते नीट बसत नाही, मलाही कळतं. तुझ्या आईने हे नाव ठेवलं तेव्हा तू गजराचं घड्याळ उघडून त्याची चाकं ताटात मांडून बसला होतास. ती कौतुकाने बघत होती आणि मी 'नसते उद्योग' म्हणून ओरडत होतो. असो. मी लिहायला बसलोय ते पुढे वर्कशॉपमध्ये, एका पत्र्याच्या पेटीच्या झाकणावर कागद ठेवून. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर जे काही लिहिलं ते पत्र्यावर खडूने, मापं आणि गिऱ्हाइकांची आडनावं. समोरच्या शाळेतल्या बाई या पानांचे फोटो काढून तुझ्या फोनवर टाकणार आहेत. न वाचता टाकते म्हणाल्या. वाचतील. वाचू देत.

फोन का नाही केला, असं म्हणशील. केला होता की. मी 'तो कॉम्प्युटर' एवढं म्हणतोय तोच तू म्हणालास, बाबा, ते मशीन बंदच राहू द्या, वायर उपटून ठेवा, मला त्याचं नावही नको. आणि ठेवून दिलास. दुसऱ्यांदा केला तेव्हा मलाच रडू फुटलं आणि मीच ठेवून दिला. तुझी चूक नाही. तुला वाटतं तू एवढा खपून तिच्यासाठी तो प्रोग्राम केलास आणि शेवटी तिने त्याला हातही लावला नाही, म्हणून तुला ते डोळ्यांसमोर नको. आणि मला वाटतं, निदान परवापर्यंत वाटत होतं, की ती माझ्याशी अबोला धरून गेली. एवढी वर्षं एका घरात काढून शेवटचे आठवडे एक शब्द नाही. हे मला आतून कुरतडत होतं. जेवताना घास फिरतो तोंडात. तू जेवतोस ना वेळेवर? गॅस बंद करून झोपत जा. मी हल्ली परत परत उठून बघतो, बंद असतो, तरी बघतो.

आता शांतपणे वाच, कारण सगळं ओळीने सांगितल्याशिवाय तुला पटणार नाही. तिला पहिला झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हा तू घरी येऊन राहिला होतास ते आठव. मी पुढे पत्रा ठोकणार, ती मागच्या खोलीत पडून. तिच्या हातात आपण घंटी दिली होती, पण हातोड्याच्या आवाजात घंटी काय ऐकू येणार, आणि माझे कान तर आधीच गेलेले. दोनदा तिचं अंथरूण ओलं झालं आणि मला पत्ताच नाही. ती माझ्याकडे अशी बघायची की वाटायचं हातोडा स्वतःच्याच डोक्यात घालावा. मग तू भिंतीला भोक पाडून वायर ओढलीस. तिच्या पलंगाशी एक स्क्रीन, वाकवता येणाऱ्या दांड्यावर, आणि इथे माझ्या ऐरणीच्या वर दुसरी. कॉम्प्युटर एकच, तिच्या उशाशी.

तू मला समजावलंस ते अजून डोक्यात आहे. प्रोग्राम एकच, खिडक्या दोन. एक तिची, एक माझी. मी म्हटलं, एकाच प्रोग्रामच्या आहेत तर हिचं तिला कळणारच की. तू म्हणालास, नाही कळत बाबा, शेजारी शेजारी असल्या तरी एकीच्या पोटातलं दुसरीला दिसत नाही. एकीने घेतलेलं दुसरीच्या हातात नेऊन द्यावं लागतं. नाही दिलं तर ते तिच्यापाशीच राहतं, आणि ती मिटली की गेलं. मी म्हटलं, म्हणजे आपल्या घरासारखंच झालं हे. तुझी आई तेव्हा हसली होती, अर्ध्या तोंडाने. झटक्यानंतरचं ते पहिलं हसू. तुला दिसलं नसेल, तू वायरीत डोकं घालून बसला होतास.

तिला कोणते शब्द हवेत ते तू एकेक विचारत होतास. पाणी, कूस, दुखतंय, दिवा, नको. पण तिने सगळ्यात आधी मागितला तो 'अहो'. तू म्हणालास, आई, हा कशाला, बाबांना तर कळेलच ना कुणाला बोलावते आहेस, घरात दुसरं आहे कोण? ती ऐकेना. अक्षरांच्या पाटीवर बोट आपटत राहिली. मग तू दिलास, सर्वांत मोठा, डाव्या हाताशी. आणि त्याच्याखाली तिने मागितला 'बसा'. मी म्हटलं, बसतो कुठे, पेट्या काय तुझे वडील येऊन ठोकणार? गमतीत म्हटलं होतं. ती आयुष्यभर हेच म्हणायची. जरा बसा की हो. पाहुणे आले तरी मी उभा, जेवताना अर्धा पाटावर, अर्धा दारात. माझ्या जिवाला बसणं माहीत नाही. बसलो की वाटतं काहीतरी राहिलंय, कुठेतरी काहीतरी बिघडतंय.

पहिले दिवस बरे गेले. तिने शब्दाला हात लावला की तो लगेच माझ्या खिडकीत मोठ्या अक्षरांत यायचा आणि टिंग वाजायचं, वर लाल दिवा. 'अहो'. मी हातोडा टाकून, हात पुसून धावायचो. तोवर दुसरं टिंग. पहिला शब्द पुसून तिथे दुसरा. मला वाचायला वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे. घरात वाचायचं काम तिचं. विजेचं बिल असो, तुझं पत्र असो, ती वाचायची, हळू, बोट ठेवून, आणि मी ऐकायचो. आता वाचायची पाळी माझी आणि शब्द तर पळतायत. आणि खरं सांगायचं तर, धावत जाऊन बघावं तर पाणी नको असायचं, कूस नको असायची. 'बसा'. मी म्हणायचो, अगं रिवेट अर्धवट टाकून आलो, पत्रा वाकेल. आणि परत पुढे.

म्हणून मी तुला फोनवर म्हटलं की हे टिंग टिंग माझ्याने झेपत नाही. एक एक शब्द पाठवण्यापेक्षा तिला सगळं जुळवू दे आणि मग एकदम येऊ दे, म्हणजे मी सावकाश वाचीन. तू म्हणालास, सोपं आहे. पुढच्या खेपेला येऊन तिच्या खिडकीत एक पट्टी केलीस, शब्द तिथे गोळा व्हायचे, आणि 'पाठव' म्हणून हिरवं बटण. ते कुठे ठेवू विचारलंस. मीच म्हटलं, लांब ठेव बाबा, शब्दांच्या जवळ नको, नाहीतर हात लागून अर्धवटच येईल. तू खाली उजव्या कोपऱ्यात ठेवलंस. तिला विचारलंस, चालेल ना आई? तिने 'हो' दाबलं. माझ्या खिडकीतली अक्षरं मी अजून मोठी करून मागितली, तेव्हा तू म्हणालास, मग तीनच ओळी मावतील, जास्त आलं तर वरचं गळून जाईल. मी म्हटलं, तिला माझ्याशी तीन ओळींच्या वर काय बोलायचंय! आपण दोघंही हसलो होतो.

आणि छान चाललं की रे. 'अहो पाणी नको दिवा नको'. 'अहो खटपट्या फोन'. मी वाचायचो, मान डोलवायचो, जमेल तेव्हा आत जायचो. मग एकदा मी तिची स्क्रीन फडक्याने पुसायला गेलो आणि वरच्या कोपऱ्यातली, खिडकी मिटायची ती फुली दाबली गेली. दोन्ही खिडक्या मिटल्या. ती काहीतरी जुळवत होती बराच वेळ, सगळं गेलं. डोळ्यांतून पाणी काढलं तिने. तू फोनवरून मला एकेक पायरी सांगून परत सुरू करून दिलंस आणि दम भरलास, बाबा, आईच्या खिडकीला काही झालं तरी हात लावायचा नाही. न पाठवलेलं कुठेही साठत नाही, खिडकी गेली की ते गेलं. मी कानाला खडा लावला. त्यानंतर जेवण भरवताना तो दांडा कडेने धरून मी स्क्रीन भिंतीकडे वळवायचो, काचेला बोटसुद्धा लागू द्यायचो नाही. भरवून झालं की तसाच परत तिच्याकडे. माझा चष्मा तर इकडे वर्कशॉपमध्ये. म्हणजे तिच्या खिडकीत काय आहे ते मी कधी बघितलंच नाही. बघायचं कशाला, जे माझ्यासाठी आहे ते इकडे येणारच, असं डोक्यात बसलेलं.

मग तो बारीक झटका आला, ज्याला डॉक्टर म्हणाले, काही विशेष नाही, वयाने होतं. त्याच्या आदल्या दिवशी मी तिच्यावर खेकसलो होतो. एका गिऱ्हाइकाला सहा पेट्या सकाळपर्यंत हव्या होत्या आणि माझ्या खिडकीत 'अहो बसा'. मी इथूनच ओरडलो, जरा दम धर गं बाई. तिने ऐकलं, तिचे कान शाबूत होते. आणि त्यानंतर माझी खिडकी रिकामी. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मी काम करता करता वर बघायचो, पांढरी. जेवण घेऊन आत जायचो तर ती आधी स्क्रीनकडे बघायची, मग माझ्याकडे, परत स्क्रीनकडे. मला वाटायचं, मला डोळ्यांनी सांगतेय की मध्येमध्ये करू नका. अंघोळ घालायला येणाऱ्या नर्सबाई म्हणायच्या, आजोबा, आजी दिवसभर त्या पडद्याशी खेळत असतात हो, बरंय, मन रमतं. हे ऐकून तर मला जास्तच लागलं. पडद्याशी खेळते, माझ्याशी बोलत नाही. मी पण मग घुम्यासारखा घास भरवायचो आणि परत यायचो. मी तुला फोन केला तर तू म्हणालास, वायर हलवून बघा, लाल अक्षरात काही आलंय का बघा. नव्हतं आलं. मग बाबा प्रोग्राम ठीक आहे, आई पाठवत नसेल. बस, माझी खात्री झाली. रुसली.

ती गेली तेव्हा मी पुढे होतो. खिडकी रिकामी म्हणजे झोपली असेल, असं धरून मी एका मोठ्या पेटीचा तळ ठोकत होतो. नर्सबाईंनी येऊन माझा हातोड्याचा हात धरला. पुढचं तुला माहीत आहे, तू आलास, सगळं केलंस, गेलास. त्या दिवसांत तिची स्क्रीन काळी पडली होती आणि नर्सबाईंनी बाजूला सारली तशीच भिंतीकडे तोंड करून होती. तुला वाटलं मी बंद केली, मला वाटलं तू.

परवा भाड्याचा पलंग न्यायला दोन माणसं आली. पलंग फिरवताना त्यांच्यातल्या एकाचा धक्का दांड्याला लागला, स्क्रीन गर्रकन वळली आणि उजेड पडला खोलीत. तो म्हणाला, आजोबा, हे चालूच आहे बरं का, बिल येईल. मी चष्मा आणायला पुढे गेलो तर सापडेना, डोक्यावरच होता. परत आलो आणि वाचलं. एका वाचण्यात कळलं नाही म्हणून परत वाचलं. पट्टीत एक ओळ दिसत होती. 'अहो बसा अहो बसा बसा अहो'.

पलंगवाले गेल्यावर मी भिंतीला टेकून खाली बसलो, तिच्या उशीच्या उंचीला, आणि डावा हात काचेपासून लांब ठेवून नुसता हवेत फिरवून बघितला. 'अहो'पर्यंत पोचतो. 'बसा'पर्यंत पोचतो. उजव्या कोपऱ्यापर्यंत जायचं तर खांदा उचलावा लागतो, अंग वळवावं लागतं. त्या बारीक झटक्याने तिचा डावा खांदा गेला होता रे. नर्सबाई म्हणाल्या होत्या की आजी आता खांदा उचलत नाहीत, आणि मी म्हटलं होतं, उचलायचाय कशाला, मी आहे ना भरवायला. ती सगळे दिवस बोलत होती. शब्द पट्टीत जाताना तिला दिसत होते. तिला वाटलं असेल, पाठवता नाही आले तरी आत आल्यावर मी ते वाचतोय. मी आत येतो, घास भरवतो, जातो, आणि एका शब्दाचं उत्तर देत नाही. तिच्या खिडकीत माझ्याकडून काही येण्याची सोयच नव्हती. ती मी मागितली नाही आणि तुलाही सुचली नाही. भिंत एका विटेची. मी तिच्यावर रुसलो होतो, आणि ती माझ्याबद्दल काय समजून गेली, हे ती गेल्यावर मी कुणाला विचारू? तुझ्यावर बोट ठेवत नाहीये, देवाशपथ. तू सांगितलं तसं केलंस. सांगितलं मी. पण तुला एवढं कळू दे की तुझा प्रोग्राम तिने टाकला नव्हता. शेवटपर्यंत तिचा हात त्यावर होता.

आता हे कशासाठी लिहिलं ते. ती खिडकी अजून उघडी आहे. पट्टीच्या कडेला ती सरकती रेघ आहे ना, तिच्यातला तुकडा जितका बारीक तितका मजकूर जास्त, हे तूच मला शिकवलंस. तो तुकडा तिळाएवढा आहे. मला दिसते ती एक ओळ, वर आठवड्यांचं बोलणं आहे. 'पाठव' दाबलं तर ते सगळं माझ्या खिडकीकडे येईल, तीन ओळी राहतील, बाकी गळेल आणि तिची पट्टी कोरी होईल. वर सरकवायला जावं तर माझी ही जाड बोटं, फुलीवर पडली तर संपलं. शाळेतल्या बाईंना सांगितलं तर करतील, पण माझं पत्र त्यांनी वाचलं तर चालेल, तिचं नाही. म्हणून त्या खोलीत मी हवासुद्धा हलू देत नाही, दार ओढून घेतो. आणि काल खांबावर कागद चिकटवलाय, तारा बदलायच्या आहेत, गुरुवारी दिवसभर वीज बंद. कॉम्प्युटरखालचा तो बॅटरीचा डबा वीज गेल्यावर टी टी करत किती थोडा वेळ टिकतो तुला माहीत आहे. मी वीजवाल्यांकडे गेलो होतो, पुढे ढकला म्हटलं, कारण सांगता येईना, ते हसले. तू बुधवारपर्यंत ये. आलास तर ते सगळं कुठेतरी साठव आणि मला वाचून दाखव, तिच्यासारखं, हळू, बोट ठेवून. शिव्या असतील तर गाळू नकोस. आणि रजा मिळत नसेल, किंवा तुझ्याने ते बघवणार नसेल, तर तसंही कळव, मी समजून घेईन. मग गुरुवारी हातोडा खाली ठेवून मी त्या खोलीत स्टूल घेऊन जाईन आणि ती ओळ विझेपर्यंत तिच्यासमोर बसेन. मागच्या वेळी मी पत्रा ठोकत होतो.

तुझाच, वाट बघत असलेला,
बाबा